विकतो बिननावाचे, घेतो नावाचे



आपण बाजारात जे विकतो त्याला आपले नाव नसते. हिरडस मावळातला भात असो, गुंजण मावळातला असो की वेळवंड खोऱ्यातला, गिरणीच्या दारात पोचला की तो फक्त भात. कोणाच्या खाचरातला, किती राबून पिकवलेला, हे कोणी विचारत नाही. वाण कोणता, ओल किती, पोल किती, एवढे बघायचे आणि भाव सांगायचा. या व्यवहारात अन्याय पुष्कळ आहे आणि त्यावर आपण दर बैठकीत बोलतो. पण एक गोष्ट खरी की, त्या भावात नावाचे पैसे नसतात.

आता उलटी बाजू पाहा. घरात कोणी आजारी पडले की आपण मेडिकलच्या दारात जाऊन उभे राहतो. तिथे मिळते ते सगळे नावाचे. गोळी तीच, पण नाव बदलले की किंमत दुप्पट, चौपट. ते नाव रुजवायला कंपनीने जो खर्च केला, तो आपल्याकडून गोळीगणिक वसूल होतो. बिननावाचे विकायचे आणि नावाचे घ्यायचे, या दोन पाटांत शेतकऱ्याचे पीठ होते. भावाच्या लढाईत आपण पहिल्या पाटाबद्दल बोलतो. आज दुसऱ्याबद्दल बोलायचे आहे, आणि ज्या सरकारने तो पाट थांबवायचा त्याच्याबद्दलही.

औषध म्हणजे घटक

आपल्याकडे औषध हा शब्द दोन्हींना चालतो. भातावर मारायचे तेही औषध, माणसाने घ्यायचे तेही औषध. कृषी सेवा केंद्रातले औषध घ्यायला आपली पोरे आता शिकली आहेत. तुडतुड्यांवर काही द्या म्हटले की दुकानदार चकचकीत बाटली पुढे करतो. जाणता शेतकरी ती फिरवून बारीक अक्षरे वाचतो: इमिडाक्लोप्रिड १७.८ टक्के एस.एल. मग विचारतो, हेच दुसऱ्या कंपनीचे कितीला? युरियाच्या गोणीवर कोणतेही चित्र असो, आत ४६ टक्के नत्र. कृषी महाविद्यालयात आम्ही जे शिकलो आणि पुढे गावोगाव सांगत फिरलो त्यातली ही पहिली गोष्ट. पिकाला गोणीवरचे चित्र दिसत नाही, त्याला नत्र लागते.

माणसाच्या औषधाचेही तेच. बी.पी.ची एक नेहमीची गोळी म्हणजे अम्लोडिपिन. शुगरची नेहमीची गोळी म्हणजे मेटफॉर्मिन. ही त्या औषधांची खरी नावे, जगभर चालणारी. आपल्या चिठ्ठीवर मात्र ही नावे सहसा नसतात, कंपनीने ठेवलेली नावे असतात. एकाच अम्लोडिपिनची बाजारात कितीतरी बारशी झालेली आहेत. पेटंटची मुदत संपलेले औषध, जे कोणतीही परवानाधारक कंपनी बनवू शकते आणि जे घटकाच्या नावाने ओळखले जाते, ते जेनेरिक औषध. म्हातारपण, बाळंतपण, ताप, जुलाब, जखम, रक्तदाब, साखर या आपल्या घरातल्या बहुतेक दुखण्यांवरची औषधे जुनी आहेत. त्यांची पेटंटे कधीच संपली. तेव्हा पेटंटाची सबब इथे चालत नाही.

शेतीच्या औषधात आणि माणसाच्या औषधात एक मोठा फरक मात्र आहे. तुडतुड्यांचे औषध आपण स्वतः निवडतो. माणसाचे औषध डॉक्टर निवडतो आणि पैसे आपण देतो. चिठ्ठीवर कंपनीचे नाव असेल तर मेडिकलवाल्याने त्याच घटकाची दुसरी स्वस्त गोळी देऊ नये, असे १९४५च्या औषध नियमांतच लिहिले आहे. चिठ्ठीवर मिळणाऱ्या, म्हणजे ज्यांच्यावर घर चालते त्याच औषधांना हा नियम लागू आहे. म्हणजे दुकानदाराच्या मागच्या फळीवर रुपयाची गोळी असली तरी हातात पाच रुपयांचीच पडणार. गिऱ्हाईक बांधलेले, दुकानदार बांधलेला, मोकळी फक्त कंपनी.

नावाचे पैसे जातात कुठे?

हिशेब मांडूया. समजण्यासाठी धरून चालू की एका घरात नवरा-बायकोला मिळून बी.पी. आणि शुगरच्या रोज चार गोळ्या लागतात. नावाची गोळी सरासरी पाच रुपयांना धरली तर दिवसाला २०, महिन्याला ६०० आणि वर्षाला ७,२०० रुपये. बिननावाची गोळी रुपयाला धरली तर वर्षाला १,४४० रुपये. फरक ५,७६० रुपयांचा. २०२५-२६ साली साध्या भाताचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये ठरला. म्हणजे जवळजवळ अडीच क्विंटल भात निव्वळ नावापायी गेला, तोही हमीभाव पदरात पडला तर! मावळातल्या चार-सहा खाचरांच्या घरात अडीच क्विंटल म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको.

हे पैसे औषध बनवायला लागत नाहीत. ते लागतात कंपनीच्या एम.आर.च्या फेऱ्यांना, परिषदांना, भेटवस्तूंना. डॉक्टरांना दिलेल्या भेटींचा खर्च औषध कंपन्यांनी आयकरातून वजा करू नये, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये दिला. त्या निकालापर्यंत कंपन्या असा खर्च धंद्याचा खर्च म्हणून दाखवू पाहत होत्या. भेट डॉक्टरला, खर्च रोग्याच्या माथी आणि करात सवलत मागायची सरकारकडे!

सगळे डॉक्टर असे आहेत असे आम्ही म्हणत नाही. पावसाळ्यात डोंगर चढून वाडीवर जाणारे डॉक्टर आम्ही पाहिले आहेत. पण व्यवस्था सज्जनांच्या भरवशावर चालवायची नसते. सरकारला हे माहीत नव्हते असेही नाही. केंद्राने १९७४ मध्ये जयसुखलाल हाथी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिने १९७५ मध्ये सांगितले की औषधांची कंपनी-नावे टप्प्याटप्प्याने बंद करा आणि घटकाच्या नावाने औषधे विका. सुरुवातीला कोणती १३ औषधे घ्यायची तेही सुचवले. त्याला ५० वर्षे होऊन गेली. २०१६ मध्ये मेडिकल कौन्सिलने नियम केला की डॉक्टरांनी औषधाचे घटकनाव वाचता येईल अशा अक्षरांत लिहावे. ऑगस्ट २०२३ च्या सुरुवातीला राष्ट्रीय वैद्यक आयोगाने तो जास्त कडक केला आणि शिक्षेची तरतूद केली. डॉक्टरांच्या संघटनांनी आवाज उठवला आणि २३ ऑगस्टला ते सगळे नियम स्थगित झाले. तीन आठवडेही सरकारचे पाय जमिनीवर ठरले नाहीत. कांद्याचे भाव पाडायचा हुकूम काढताना हेच सरकार असे मागे फिरल्याचे कोणाला आठवते का?

स्वस्त औषध या देशातच पिकते

कोणी म्हणेल, स्वस्त औषध आणायचे कुठून? बाहेरून आणायचे नाहीच. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या पदार्थावरची मक्तेदारी काढून टाकली आणि फक्त बनवण्याच्या पद्धतीवर पेटंट ठेवले. त्या कायद्याच्या आधाराने इथल्या कारखान्यांनी तीच औषधे आपल्या पद्धतीने बनवली. २००१ मध्ये एड्सवरच्या तीन औषधांच्या वर्षाच्या उपचाराला परदेशी कंपन्या दहा हजार डॉलरच्या वर घेत होत्या. तेव्हा मुंबईच्या सिप्लाने तोच उपचार वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केला. आफ्रिकेतली लाखो माणसे त्यामुळे वाचली. त्या सिप्लाचा एक कारखाना आपल्याच जिल्ह्यात दौंडजवळ कुरकुंभला आहे.

२००५ पासून कायदा बदलला आणि पदार्थावर पेटंट पुन्हा आले. तरी मार्च २०१२ मध्ये पेटंट नियंत्रकांनी कर्करोगावरच्या एका औषधाचा सक्तीचा परवाना दुसऱ्या कंपनीला दिला. महिन्याला २ लाख ८० हजारांच्या घरात असलेली किंमत ८,८८० रुपयांवर आली. म्हणजे मनात आणले तर सरकारच्या हातात हत्यार आहे.

आणि पिंपरी? हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा देशातला पहिला सरकारी औषध कारखाना १९५४ मध्ये पिंपरीत उभा राहिला. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने तिथे पेनिसिलिन निघू लागले. गरिबाला पेनिसिलिन परवडावे हा त्यामागचा हेतू होता. पुढे तो कारखाना आजारी पडला आणि १९९७ मध्ये आजारी उद्योगांच्या मंडळापुढे गेला. डिसेंबर २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने त्याची जादा जमीन विकायचे ठरवले. औषधाचा कारखाना आजारी पडला तेव्हा सरकारला त्यात औषध दिसले नाही, जमीन दिसली. भाटघर, पानशेत, वरसगाव, नीरा-देवघर आणि गुंजवणी या धरणांखाली ज्यांची रानं गेली त्या भोर-वेल्ह्याच्या माणसाला सरकारची ही नजर चांगली ओळखीची आहे.

दुकान काढले, दवाखाना विसरले

यावर सरकारचे उत्तर म्हणजे जनऔषधी केंद्र. २००८ मध्ये ही योजना सुरू झाली, २०१५ नंतर तिला वेग आला आणि २०२५ पर्यंत देशात १५ हजारांच्या वर केंद्रे झाली. तिथे औषध निम्म्याहून कमी किमतीत, पुष्कळदा त्याहूनही खाली मिळते. हे काम चांगले आहे आणि आमचा त्याला विरोध नाही. ज्यांना जवळ पडते त्यांनी तिथेच जावे.

पण सरकारने दुकान काढले की त्याचे कर्तव्य संपले काय? केंद्र असते बाजारपेठेच्या गावी. केळदच्या किंवा हिर्डोशीच्या वरच्या वाडीतल्या बाईने महिन्याची गोळी आणायची तर एस.टी.चे जाण्यायेण्याचे भाडे आणि एका दिवसाचा रोज बुडाला. गोळीत वाचलेले भाड्यात गेले. तिथे पोचल्यावर चिठ्ठीवर कंपनीचे नाव निघाले तर प्रश्न पुन्हा पहिल्या जागी.

शिवाय 'जेनेरिक' या शब्दाच्या आड नवा धंदाही उभा राहिला आहे. दुकानदाराला फार स्वस्तात पडणाऱ्या गोळीच्या पाकिटावर छापील किंमत मात्र नावाच्या गोळीइतकीच असते. मधला फरक दुकानात राहतो, रोग्याला मिळतो तो दुकानदाराच्या मर्जीप्रमाणे. २०१८ मध्ये राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने दिल्ली परिसरातल्या चार खाजगी रुग्णालयांची बिले तपासली. काही वस्तूंवरचा नफा १,७३७ टक्क्यांपर्यंत गेलेला आढळला. तेव्हा नुसता शब्द बदलून भाव उतरत नाही. जो खरेदी करतो त्याच्या हातात ताकद असेल तरच उतरतो, आणि आजारी माणसाइतका ताकद नसलेला गिऱ्हाईक जगात दुसरा नाही. चांगल्या भावासाठी आपण भात दोन दिवस धरून ठेवू शकतो, ताप धरून ठेवता येत नाही.

आमच्यातलेच काही कार्यकर्ते इथे हरकत घेतात. सरकारी खरेदीने शेतकऱ्याचे वाटोळे केले असे म्हणणारे आपण, मग औषधाची सरकारी खरेदी कशी मागतो? प्रश्न रास्त आहे. उत्तर असे की, मोकळ्या बाजारात निवड करणाऱ्याने पैसे द्यायचे असतात आणि पैसे देणाऱ्याने निवड करायची असते. औषधाच्या बाजारात हे दोघे वेगळे आहेत, म्हणून तिथे भावाची स्पर्धाच होत नाही, नावांची होते. सरकारने हजार दवाखान्यांसाठी एकत्र, फक्त घटकाच्या नावाने निविदा काढली की नाव गळून पडते आणि कारखाने भावावर लढतात. आपल्या भाताला गिऱ्हाईक एकच असले तर आपण बुडतो. कारण आपण लाख जण आहोत, प्रत्येकाकडे चार पोती आहेत आणि थांबायला सवड नाही. औषध कंपनीची ती अवस्था नाही. तिच्यापुढे मोठाच खरेदीदार उभा पाहिजे.

तमिळनाडूने १९९५ मध्ये केले

हे स्वप्नरंजन नाही. तमिळनाडू सरकारने १९९४ मध्ये औषध खरेदीसाठी वेगळे महामंडळ काढले आणि जानेवारी १९९५ पासून काम सुरू केले. पद्धत अगदी साधी. लागणाऱ्या औषधांची यादी घटकाच्या नावाने करायची. सगळ्या राज्यासाठी एकच निविदा. जिल्ह्याजिल्ह्याला गोदाम. प्रत्येक दवाखान्याला बँकेसारखे पासबुक. त्यावर वर्षाची रक्कम लिहिलेली, डॉक्टरने आपल्या गरजेप्रमाणे गोदामातून औषध उचलायचे आणि रक्कम वजा करायची. ज्या खोऱ्यात सर्पदंश जास्त तिथे ते इंजेक्शन जास्त उचलले जाईल. वरून कोणी नको ते खोके ढकलणार नाही. आलेल्या मालाचे नमुने प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय वाटप नाही. खराब माल देणारा काळ्या यादीत. पाकिटावर सरकारी शिक्का, म्हणजे चोरून विकता येऊ नये. पुढे राजस्थानने याच धर्तीवर महामंडळ काढून २ ऑक्टोबर २०११ पासून सरकारी दवाखान्यांत मोफत औषध सुरू केले.

महाराष्ट्राने काय केले? २०१७ पर्यंत खात्याखात्याची खरेदी वेगळी होती. २०१७ मध्ये ती हाफकिन महामंडळाकडे दिली. हाफकिन ही लस आणि सर्पदंशावरचे प्रतिविष बनवणारी जुनी, नावाजलेली संस्था. तिच्या गळ्यात राज्यभराच्या खरेदीचे लोढणे बांधले. निविदा रखडल्या, पैसे पडून राहिले, दवाखान्यांतून ओरड झाली. मग २०२३ मध्ये वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरणाचा कायदा केला. तमिळनाडूनंतर २८ वर्षांनी! त्याच वर्षी, सप्टेंबरअखेर आणि ऑक्टोबरच्या आरंभी, नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ माणसे दगावली. त्यांत तान्ही बाळे होती. औषधे नव्हती असा आरोप झाला, सरकारने तो नाकारला. आम्ही एवढेच म्हणतो की, कोणत्या दवाखान्यात कोणते औषध किती शिल्लक आहे हे रोज भिंतीवर लिहिलेले असते, तर आरोप करायची किंवा नाकारायची वेळच आली नसती.

स्वस्त हवे, पण तपासलेले

कंपन्यांचा आणि काही डॉक्टरांचा आक्षेप असा की, बिननावाचे औषध कमअस्सल असते. हा आक्षेप झटकून टाकायचा नाही. स्वस्त बियाणे उगवले नाही म्हणून ज्याचे एक साल गेले, त्याला हा धोका वेगळा समजावायला नको. महाराष्ट्राने तर हे फार महागात शिकायला हवे होते. १९८६ च्या सुरुवातीला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळीचे ग्लिसरॉल दिल्यामुळे १४ रुग्ण दगावले. त्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष होते. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने खरेदीपासून तपासणीपर्यंतची सगळी कुजलेली साखळी उघडी केली. तरी २०२३ मध्ये नागपूर जिल्ह्यातल्या कळमेश्वरच्या ग्रामीण रुग्णालयातल्या अँटिबायोटिक गोळ्या तपासल्या तर त्यांत औषधच नव्हते.

पण नावाचे औषध म्हणजे निर्धोक, हेही खरे नाही. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा भागात खोकल्याच्या ज्या औषधाने लहान मुले दगावली, ते कंपनीच्या नावानेच विकले जात होते आणि चिठ्ठीवर लिहून दिले जात होते. विष तेच, डायएथिलीन ग्लायकॉल. बाटलीवर नाव होते, तपासणी नव्हती. नाव मोठे लक्षण खोटे म्हणतात ते हेच. औषध चांगले की वाईट हे प्रयोगशाळा सांगते. बियाण्याची उगवण तपासल्याशिवाय आपण पेरणी करत नाही. सरकारनेही प्रत्येक खेपेचा नमुना तपासल्याशिवाय एक गोळी दवाखान्यात पाठवू नये, आणि तपासणीचा अहवाल लोकांना बघता यावा. त्यासाठी जो खर्च येईल तो जेनेरिक खरेदीत वाचलेल्या पैशातून सहज निघतो.

वाचलेला पैसा कोणाचा?

आता मुद्द्याची गोष्ट. जेनेरिक औषधांनी सरकारचा आरोग्यावरचा खर्च कमी होईल, असे हल्ली वारंवार ऐकू येते. होईल, हे खरे आहे. पण खर्च कमी करायला आधी तो झालेला पाहिजे. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात केंद्राने लिहून दिले की २०२५ पर्यंत सरकारी आरोग्य खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेऊ. २०२१-२२ च्या सरकारी लेख्यांप्रमाणे तो १.८४ टक्के होता. त्याच लेख्यांप्रमाणे देशात आरोग्यावर झालेल्या एकूण खर्चातले ३९.४ टक्के लोकांनी थेट आपल्या खिशातून दिले. अर्धपोटी माणसाला काटकसर शिकवण्यातला हा प्रकार आहे.

मोठी रक्कम खर्च होते ती कार्डाच्या योजनांवर. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत २०२३ मध्ये कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या उपचाराचे कवच द्यायचे ठरले. संकटात सापडलेल्याला त्याचा उपयोग होतो, हे नाकारायचे नाही. पण ही योजना माणूस रुग्णालयात भरती झाल्यावर चालते. बी.पी.ची रोजची गोळी तिच्यात बसत नाही. म्हणजे रुपयाची गोळी न मिळाल्याने मावळातल्या शेतकऱ्याला अर्धांगवायूचा झटका आला की सरकार पुण्याच्या रुग्णालयाला लाखाचे बिल द्यायला तयार. झटका येऊ नये म्हणून रोज रुपया द्यायला तयार नाही. दुखणे रेड्याला, डाग पखालीला!

म्हणून आमचे म्हणणे असे. जेनेरिक खरेदीतून जो पैसा वाचेल तो तिजोरीत परत जाता कामा नये आणि पुढच्या वर्षीच्या तरतुदीतून कापला जाता कामा नये. तो त्याच दवाखान्यात राहिला पाहिजे. रिकाम्या जागा भरायला, रक्त-लघवी तपासणीला, सर्पदंशाच्या इंजेक्शनला तो लागला पाहिजे. सरकारची काटकसर म्हणजे रोग्याची उपासमार असा अर्थ आम्ही लावू देणार नाही.

भोर-वेल्ह्यात काय करायचे

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी, उपचार, औषध सगळे मोफत आहे. म्हणजे आपण भीक मागत नाही, सरकारने दिलेला शब्द मागतो. प्राथमिक आरोग्य केंद्रे जिल्हा परिषदेच्या ताब्यात आणि ग्रामीण रुग्णालये राज्य सरकारच्या. जाब दोघांना विचारायचा आहे. वेल्ह्याचे नाव सरकारी कागदावर आता राजगड तालुका झाले. नाव बदलायला सरकारला जमले. त्याच तालुक्याच्या दवाखान्यात औषध ठेवायलाही जमले पाहिजे. जिल्हा बैठकीपुढे आम्ही पुढील मागण्या ठेवत आहोत.

एक. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि ग्रामीण रुग्णालयात औषधसाठ्याचा फलक मराठीत, दर आठवड्याला नवा. साठ्याची नोंद संगणकावर ठेवायची ई-औषधी यंत्रणा राज्यात आहेच. जे संगणकाला कळते ते गावाला कळायला हरकत कसली?

दोन. यादीतले औषध नसेल तर केस पेपरवर 'साठा नाही' असे तारीख-शिक्क्यानिशी लिहून द्यावे. तोंडी 'बाहेरून आणा' बंद. बाहेरची चिठ्ठी द्यायचीच असेल तर औषधाचे घटकनाव सुट्या, मोठ्या अक्षरांत.

तीन. बी.पी., शुगर, मिरगी, दमा यांच्या रोग्यांना पावसाळ्याआधी दोन महिन्यांची औषधे उपकेंद्रावर मिळावीत. लावणीच्या दिवसांत वरच्या वाड्या खाली येऊ शकत नाहीत. ओढ्याला पूर आला म्हणून शुगर थांबत नाही.

चार. भाताची लावणी आणि कापणी या दोन्ही हंगामांत सर्पदंशाचे इंजेक्शन, आणि ते देऊ शकणारा माणूस, प्रत्येक केंद्रात रात्री-अपरात्री हजर पाहिजे.

पाच. दवाखान्याला तमिळनाडूसारखे पासबुक द्यावे, प्रत्येक खेपेचा तपासणी अहवाल जाहीर करावा आणि वाचलेला पैसा तालुक्यातच ठेवावा.

सहा. चिठ्ठीवर कंपनीचे नाव असले तरी त्याच घटकाचे तपासलेले स्वस्त औषध रोग्याने मागितल्यास ते देण्याची मुभा मेडिकलवाल्याला कायद्याने मिळावी.

मागण्या लिहून भागत नाही, पुरावा लागतो. म्हणून प्रत्येक गावाच्या शाखेने एक काम करायचे आहे. गेल्या सहा महिन्यांत सरकारी दवाखान्यातून ज्यांना बाहेरची चिठ्ठी मिळाली, त्यांच्याकडून ती चिठ्ठी आणि मेडिकलचे बिल गोळा करा. रोग्याचे नाव झाकून घ्या, कोणाचे दुखणे चव्हाट्यावर मांडायचे नाही. प्रत्येक बिलावर औषधाचे घटकनाव शोधून लिहा. गावातली शिकलेली पोरे-पोरी हे काम एका संध्याकाळी करतील. बारीक अक्षरे वाचायची सवय त्यांना कीटकनाशकाच्या बाटलीवरून आहेच. शेजारच्या कॉलमात जनऔषधीचा भाव लिहा आणि खाली फरकाची बेरीज मारा. सगळ्या गावांची बेरीज घेऊन आपण जिल्हा परिषदेत जाऊ. भाषण करायचे नाही, कागद टेबलावर ठेवायचा आणि विचारायचे, हे पैसे आमच्या खिशातून का गेले?

आपल्या भाताला भाव मिळवायची लढाई लांबची आहे, ती चालूच राहील. पण घरात आलेले चार पैसे गोळीच्या नावापायी बाहेर जाऊ नयेत, यासाठी दिल्लीची वाट बघायला नको. भोर आणि वेल्ह्याच्या दवाखान्यांच्या भिंतीवर साठ्याचा फलक लागला तरी सुरुवात झाली. पुढच्या बैठकीला येताना चिठ्ठ्या आणि बिले घेऊन या.